मामांच्या करदोड्याची किल्ली

मार्केटमधून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "फिट कधी आली?" त्या सकाळीही तोच विचारला. पलीकडून मामांच्या टोळीतला शंकर म्हणाला, "आता घाई नका करू. मामा गेलं." एमआरआयचं यंत्र मोकळं आहे का ते बघायला मी तोवर खुर्चीतून अर्धा उठलो होतो… महिना होऊन गेला, ते अर्धं उठणं मला विसरता येत नाही.

मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. साताऱ्याकडच्या शाळेतून मी दहावी झालो, तेव्हा त्यांनीच मला कोपरखैरण्याच्या खोलीवर आणलं आणि एमएस्सी होईपर्यंत सांभाळलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मामांना तरुणपणापासून फिट यायची. ती आली की सोबतचे हमाल कांदा फोडून नाकाशी धरत आणि त्यांच्या करदोड्याला बांधलेली, गावच्या घराची लोखंडी किल्ली सोडून मुठीत देत.

मला नोकरी मिळाली ती नेमकी फिटच्या संशोधनात. फिटमध्ये मेंदू साखर भराभर जाळतो, त्यातून साठलेलं आम्ल काही तास राहतं. एमआरआयच्या आलेखावर त्याचा उंचवटा दिसतो आणि मग ओसरतो. म्हणून रुग्ण लवकर यायला हवा. मामा आपणहून तयार झाले. आत मोठं चुंबक, लोखंड चालत नाही. दाराशी मी हात पुढे करायचो. ग्लानीतही ते मूठ उघडत. "घे बाबा. तुझं यंत्र माझ्या किल्लीला भितंय."

शेवटच्या वेळी आलेख पाहून म्हणाले, "ह्यो डोंगर माझा व्हय?" मग त्यांनी विचारलं, "यानं माझी फिट थांबंल का रं?"

"पुढं औषधं सुधारतील, मामा."

"म्हंजी माझ्यानंतर." ते हसले. "असू दे. तुझं काम झालं न्हवं?"

झालं होतं. आलेख इतका स्वच्छ आला होता की त्या आनंदात किल्ली माझ्या कोटाच्या खिशातच राहिली. रविवारी नेऊन देणार होतो. त्याआधीच खोलीत एकटे असताना त्यांना फिट आली, तोंड उशीत गेलं…

अंत्यविधीनंतर शंकर सहज बोलून गेला, "करदोड्याला किल्ली न्हवती वो."

किल्लीनं फिट थांबत नाही. हे मला कळतं, आणि हे कळण्याइतकं मला शिकवलं ते मामांनीच. तरीही रोज यंत्राच्या खोलीत जाताना ती किल्ली बाहेर टेबलावर ठेवतो. परत आल्यावर लगेच खिशात टाकवत नाही… थोडा वेळ मुठीत धरून बसतो.