गोदामायचा राक्षस

गोदामाय गोष्ट सांगायला बसली की आधी चुलीतला एक निखारा चिमट्यानं उचलून फुटक्या खापरावर ठेवायची. भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असलं तरीही. "राकस आयकत अशीन तं भेला पाह्यजे," असं म्हणून मग सुरुवात करायची. तिचा राक्षस तलवारीनं मरत नसे, देवाच्या हातून तर कधीच नाही. त्याला आगच लागायची. सात भावांची एकुलती बहीण त्याच्या घशात तापलेली पळी घालायची. एखादी म्हातारी गुहेच्या तोंडाशी गोवऱ्या रचून त्याला धुरानं गुदमरवायची. आणि लेकरं खाणाऱ्या ढुंढा राक्षसिणीमागे तर अख्खं गाव पेटती लाकडं घेऊन धावायचं.

चौऱ्याहत्तर साली मी रिठदच्या बाजूच्या एका खेड्यात नर्स म्हणून गेले. एक खोली दवाखान्याची, एक माझी. वय बावीस आणि जीभ तिखट. गोदामाय शेजारच्या घरात मुलगा दौलत आणि सुनेसोबत राहायची. माझ्या घरासारखंच तेही घर छप्पन साली बौद्ध झालेलं. दौलतनं तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. मी तिला चिडवायचे, "गोदामाय, देव गेले, मग राक्षस कसे राहिले?"

"पोरानं देव शिरवले, राकस कोनी शिरवले?" ती म्हणायची. "थे आपल्याच पायानं येतात."

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण गोदामाय गावची सुईण होती. थंडीत तान्ह्या लेकराची छाती भरली, श्वासागणिक पोट आत ओढायला लागलं, की लोक म्हणत डब्बा झाला, आणि तिला बोलावत. ती विळ्याचं टोक लालबुंद करून लेकराच्या पोटावर डाग द्यायची. ज्याची दोरी बळकट ते वाचायचं आणि नाव मात्र आगीचं व्हायचं. मी तिच्याशी भांडभांड भांडले. एकदा तिचा विळा चक्क माझ्या ट्रंकेत लपवला. तिनं दुसऱ्या घरून मागून आणला आणि संध्याकाळी मला अंबाडीची भाजी-भाकर घेऊन आली.

"तुह्या गोळीले राकस भेते काय?" तिनं विचारलं.

"भेते."

"तुनं पाह्यला?"

"तू तरी पाहिलास का?"

"मी तं आयकते. लेकराच्या छातीत घुरघुरून राह्यते थो."

घुरघुर मीही ऐकली होती.

दोन वर्षं अशी गेली. शहात्तरच्या पौषात माझी धाकटी बहीण वाशीमहून आली. तिला शिरपूरचं जुनं जैन मंदिर पाहायचं होतं. संध्याकाळी परत येते असं गोदामायला सांगून मी निघाले. पण बहिणीनं आग्रह केला, मलाही कितीतरी महिन्यांनी मोकळं वाटत होतं, आणि मी तिथे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हाच्या गाडीनं परतले तेव्हा गोदामायच्या अंगणात माणसं उभी होती.

दौलतची लेक सुमी, आठ महिन्यांची. पोटावर दोन ताजे डाग, ओठ निळे. मी तोंडात औषध घालून पाहिलं, ते बाहेर आलं. बैलगाडी जुंपून आम्ही रिसोडच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. सुमी गोदामायच्या मांडीवर होती. अर्ध्या वाटेत ती गेली. मी गोदामायला म्हटलं, "तू मारलंस तिला." तिच्या सुनेसमोर म्हटलं. गोदामाय पदरानं सुमीचं पोट झाकत राहिली.

त्यानंतर तिनं विळा हातात घेतला नाही. गोष्टी सांगायची, कारण पोरं सोडत नसत, पण खापरावर निखारा ठेवायची नाही. गोष्ट शेवटाला आली की म्हणायची, "मंग राकस निंगून गेला." पोरं कुरकुरायची, त्याला जाळ म्हणायची. ती उठून कामाला लागायची. गावात कुठं लेकरू खोकलं तर मात्र सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. बाळंतिणीच्या दंडाला धरून ती तिला माझ्याकडे आणायची, "इकडंतिकडं पाहू नको, नर्सबाईच्या दारात चाल." पुढच्या तीन वर्षांत त्या गावात एकाही लेकराला डाग बसला नाही. वरच्या साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

एकोणऐंशीत माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा गोदामाय बाजेवर पडून होती, फार वाळली होती. मी तिचा हात धरला आणि तीन वर्षं गिळलेलं बोलले. "त्या दिवशी गाडीत मी तसं बोलायला नको होतं, माय."

"खरंच तं बोल्ली तू," ती म्हणाली. मग छताकडे पाहत, "सुमीले घेऊन मी पयले तुह्याच दारात आल्ती, पोरी. सकायपासून बसली. कुलूप होतं. दुपार झाली, पोट्टी निळी पडाले लागली, तवा घरी जाऊन इळा तापवला."

मी तिच्या बाजेशी खाली बसले. दोन वर्षं मी जिच्याशी भांडले, ती शेवटी माझं ऐकून आली होती, आणि मी शिरपूरला होते.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुले सांगतलं असतं तं तू त्याच हप्त्यात वाशीमले निंगून गेली असती," ती म्हणाली. "मंग बाकीच्या लेकराईले मी कोनाच्या दारात नेलं असतं?"

ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. दौलतचं कार्ड आलं, मातीला मी पोचू शकले नाही. गाव सोडलं त्या संध्याकाळी मी नव्या बाईंना चार्ज दिला होता, औषधं, रजिस्टरं, कंदील. खोलीचं कुलूप हरवलं म्हणून सांगितलं. ते अजून माझ्याजवळ आहे.