जन्मजात पखवाजवाला विनेश

विनेश तीन वर्षांचा असताना परातीवर ताल धरायचा. तेवढ्यावर गावाने त्याला जन्मजात पखवाजवादक ठरवून टाकलं. पालीजवळचं ते गाव निर्णयाला कधी वेळ लावत नसे. पुढे तो सरावाला बसला की माणसं हळहळायची, "अरे, तुला देवाची देणगी हाय! घोकायचं ज्यांना ती न्हाय त्यांनी." विनेशलाही ते पटलं. देवावर शंका घ्यायला तो काही नास्तिक नव्हता.

चौलच्या भजनस्पर्धेत पहिली दहा मिनिटं त्याने मंडप डोलवला. मग लय वाढली, मनगटं भरून आली. गाणारे बुवा एकीकडे, पखवाज दुसरीकडे! पखवाजाचं बक्षीस नेलं नीराबाईंनी. शेजारच्या वाडीतल्या, अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या पन्नाशीच्या बाई. परीक्षकांना तालातलं काही कळत नाही, असा निकाल गावाने परतीच्या टेम्पोतच दिला.

आठवड्याने विनेश मात्र नीराबाईंच्या ओटीवर जाऊन बसला.

"काकी, माझं चुकलं काय?"

"ताल तुझ्यात माझ्यापेक्षा जास्त हाय," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "पन हात कच्चा. मी तीस वर्सं रोज बसते. तू कदी बसलास?"

मग रोज पहाटे, कामावर जाण्यापूर्वी, विनेश त्यांच्यासमोर बसू लागला. पहिले चार महिने नुसता 'धा' हा एकच बोल. बोटं सुजली, चहाचा कप धरवेना. गावात कुजबुज सुरू झाली, "देणगी आटली बिचाऱ्याची." आईने दोनदा दृष्ट काढली.

तिसऱ्या वर्षी त्याच मंडपात त्याची लय शेवटपर्यंत तसूभर ढळली नाही. विनेश पहिला आला, नीराबाई दुसऱ्या.

गावच्या नाक्यावर फलक लागला : 'जन्मजात कलावंत'. त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे विनेशपेक्षा मोठे. सत्काराला विनेश प्रामाणिकपणे म्हणाला, "नीराकाकींनी शिकवलं आणि रोज दोन तास बसलो, म्हणून जमलं."

सरपंचांनी माईक ओढून घेतला. "बघा हा विनय! हासुद्धा उपजतच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विनेशने वाद घातला नाही. शाल-श्रीफळ घेऊन तो तडक नीराबाईंच्या पाया पडायला गेला.

"शेवटच्या तिहाईत, तिसऱ्या फेरीला घाई केलीस," त्या म्हणाल्या. "बस. परत वाजव."