राहिलेले तीनशे दहा मीटर

दहा किलोमीटर म्हणजे नेमके किती, हे सबंध बंगळुरात फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस म्हणजे काका, पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतले माझ्या बाबांचे सोबती. बाकीच्यांना आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. त्यांच्या मनगटावर अर्ध्या पगाराचं घड्याळ असतं, ते आकाशातल्या उपग्रहाला विचारतं, आणि उपग्रह सांगेल ते ही मंडळी खरं धरतात. काकांचा उपग्रहावर विश्वास नाही. "तो तिथून बघणार आणि मी इथे रस्त्यावर उभा. मग विचारायचं कुणी कुणाला?" असं ते म्हणतात. काकांनी पस्तीस वर्षं पीण्याच्या एका कारखान्यात लेथ चालवली. केसाएवढी चूक निघाली की तयार माल स्वतःच्या हाताने भंगारात टाकणारा हा माणूस. कारखाना बंद पडल्यावर तो धावायला लागला आणि अशा जगात येऊन पडला, जिथे सगळंच अंदाजे.

म्हणून काकांनी चाक बनवलं. सायकलची जुनी रिंग, तिला पाइपचा दांडा आणि फेरे मोजायला मोडीत निघालेल्या यंत्राचा काढून घेतलेला काउंटर. कुठलीही शर्यत असो, आदल्या दिवशी पहाटे काका ते चाक ढकलत सगळा मार्ग चालून जात, आणि त्यांना बसने उडवू नये म्हणून मागून लाल फडकं हलवत मी. लोकांना आम्ही महापालिकेचे वाटायचो. एकदा यशवंतपूरला एका चहावाल्याने आम्हाला पाहून फळी आणि स्टोव्ह दोन्ही आत ओढून घेतले. एका बाईंनी दारात येऊन पाण्याची लाइन कधी टाकणार ते विचारलं. काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "अक्का, आम्ही काही टाकत नाही, काही काढत नाही. आहे ते किती आहे, एवढंच बघतो." बाई निराश होऊन आत गेल्या. नुसतं खरं सांगणाऱ्या माणसाचा कुणालाच काही उपयोग नसतो.

मार्ग कमी भरला तर काका आयोजकांना पत्र लिहीत. पत्राला उत्तर येत नसे. मग शर्यतीच्या दिवशी काका शेवटच्या कमानीखालून जात आणि न थांबता तसेच पुढे धावत राहत. एकदा नव्वद मीटर कमी होते. गळ्यात पदक घालायला उभी असलेली मुलगी पदक घेऊन त्यांच्या मागे धावली, काका फिरत्या संडासांना वळसा घालून, गाड्यांच्या तळावरून, कचऱ्याच्या ट्रॅक्टरपाशी पोचले, तिथे त्यांनी घड्याळ थांबवलं आणि मग वळून पदकासाठी मान वाकवली. आणखी एकदा मार्ग चाळीस मीटर जास्त होता, तर हे कमानीच्या चाळीस मीटर अलीकडेच थांबले. भोंग्यावरचा माणूस "कम ऑन अंकल, यू कॅन डू इट" म्हणून घसा फोडत होता, बाजूने माणसं पुढे जात होती, आणि काका रुमालाने मान पुसत होते. "माझं झालं," ते म्हणाले. "उरलेलं त्यांचं आहे."

त्यांचं घड्याळ म्हणजे किल्लीचं स्टॉपवॉच. कारखान्यात साहेब लोक ते हातात धरून कामगारांच्या मागे उभे राहत. एका नटाला किती सेकंद, लघवीला किती मिनिटं. त्या घड्याळाविरुद्ध माझ्या बाबांनी गेटवर पत्रकं वाटली होती. कारखाना विकला गेला तेव्हा कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. काकांनी भंगारातून ते घड्याळ उचललं. "इतकी वर्षं त्याने मला मोजलं, आता मी त्याला वापरतो," म्हणाले. आयोजकांचा टीशर्ट ते उलटा घालत. जाहिरात करायची तर रोजंदारी द्या, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

आमच्या धावण्याच्या क्लबात हे कुणाला कळणं कठीणच होतं. तिथे बहुतेक पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मंडळी. पर्यावरणासाठी धावणार आणि मागे प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच ठेवून जाणार. झाडूवाल्या बायका दोरीच्या पलीकडे तासन्‌तास ताटकळत बसायच्या, कारण त्यांचा रस्ता तेवढा वेळ आमचा असायचा. मला ते बघून संताप येई आणि मी बोलूनही दाखवी. क्लबची मंडळी माझ्या बोलण्याला टाळ्या वाजवायची आणि मग ग्रुप फोटोला उभी राहायची.

या सगळ्या गर्दीत काकांचा एकच खरा प्रतिस्पर्धी होता. जयनगरचे साहेब. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, तीन पिढ्या इथेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. आवाज इतका हळू की धावताना दिलेली शिवीसुद्धा आशीर्वादासारखी वाटायची. अकरा वर्षं हे दोघे साठीवरच्या गटात एकमेकांशी धावत होते. पहिला कोण येतो, तिसरा कोण, याच्याशी दोघांनाही कर्तव्य नव्हतं. हा पुढे की तो, एवढंच. साहेब काकांना मुद्दाम "फिटर" म्हणत आणि काका दर वेळी, धाप लागली असली तरी, "टर्नर" अशी दुरुस्ती करत, कारण लेथ चालवतो तो टर्नर. साहेबांची धाव म्हणजे सरकारी फाइल, असं काका सगळ्यांना सांगत. हलते, पण पोचत नाही. साहेब म्हणत, आधी तुमचं चाक तरी गोल आहे का ते बघा. मार्ग कमी असला की काका ते त्यांना आधी सांगत आणि मग दोघेही कमानीपलीकडे राहिलेलं अंतर धावत. साठी उलटलेले दोन म्हातारे बक्षीस समारंभाच्या मंडपातून एकमेकांना कोपर मारत पळताना मी पाहिलेत.

शर्यतीनंतर दर्शिनीत, म्हणजे इथल्या छोट्या हॉटेलात, उभ्यानेच बाय-टू कॉफी. एक कॉफी, दोन पेले. नियम असा की हरलेल्याने ओतायची आणि जिंकलेल्याने आधी उचलायची. त्यामुळे हरलेला माणूस जिवाच्या कराराने दोन्हीत सारखी ओतायचा, कारण थेंब जास्त झाला तर तो शत्रूच्या पोटात जाणार. साहेब तर गुडघे वाकवून पेल्यांच्या पातळीला डोळा लावत, प्रयोगशाळेत असल्यासारखे. एकदा नव्या पोऱ्याने दयेने दोन अख्ख्या कॉफ्या आणून ठेवल्या, तर दोघांनी मिळून त्याला झापलं.

साहेबांची एकच इच्छा राहिली होती. दहा किलोमीटर एका तासाच्या आत. त्यांची उत्तम वेळ एक तास चाळीस सेकंद. काका दोनदा तासाच्या आत आले होते आणि हे ते साहेबांना दर रविवारी न विसरता सांगत. मागच्या वर्षी साहेबांच्या गुडघ्यातली गादी संपली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नंतर चालायचं, धावणं विसरायचं. त्याआधी एक शर्यत, शेवटची.

मार्ग यशवंतपूरहून निघून पीण्यात काकांच्याच बंद कारखान्याच्या गेटपर्यंत जायचा आणि तिथून मागे वळायचा. कारखान्याच्या जागी आता इमारती उठताहेत, गेट तेवढं उभं आहे. आदल्या पहाटे आम्ही मोजलं. बरोबर दहा. काका खूश झाले, कारण आयोजकांना पत्र लिहिण्याचा वेळ वाचला.

शर्यतीच्या दिवशी मी आधी पोचले होते. कमानीपाशी उभी होते तेव्हा साहेब आले, लंगडत, तोंड उघडं, आणि वरचा आकडा दाखवत होता एकोणसाठ मिनिटं अडतीस सेकंद. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि ते खाली घ्यायचंच विसरले. मागून तेरा सेकंदांनी काका आले. कमानीखाली येऊन थांबले. पदकवाल्या मुलीसमोर गुमान मान वाकवली. दर्शिनीत त्या दिवशी साहेबांनी सगळ्या टेबलांना मैसूरपाक वाटला, आणि काकांनी, हरले होते म्हणून, कॉफी ओतली. एवढी वाईट ओतलेली मी कधी पाहिली नव्हती. एक पेला काठोकाठ, दुसरा निम्मा. साहेबांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

दुपारी काकांचा फोन आला, फडकं घेऊन ये. वळणाची खूण, चुन्याचं वर्तुळ, रस्त्यावर तशीच होती. गेटच्या बरीच अलीकडे. सकाळी कुठेतरी गटार उपसलं होतं म्हणून आयोजकांनी वळण आत ओढलं आणि कुणाला सांगितलं नाही. मी मान खाली घालून धावले होते, मला पत्ता नव्हता. काकांनी गेटपासून त्या वर्तुळापर्यंत चाक आणलं. एकशे पंचावन्न. जाऊन येऊन तीनशे दहा मीटर. म्हणजे साहेब तासाच्या आत आलेच नव्हते. मी विचारलं, मापं लिहायची वही कुठे? काका म्हणाले, विसरलो. अकरा वर्षांत वही न विसरलेल्या माणसाचं ते उत्तर ऐकून मला काही कळायला हवं होतं. ज्या गेटपुढे पस्तीस वर्षं उभा राहिला ते आलंच नाही, हे त्या माणसाला धावतानाच कळलं असणार, हेही कळायला हवं होतं.

पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरओळख झाली तीच बाबांच्या संपाच्या मजकुरावर. त्याच संध्याकाळी मी क्लबच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. 'आमचे तीनशे दहा मीटर कुठे गेले?' असा मथळा दिला. हजारो लोकांकडून शुल्क घेऊन अपुरा रस्ता विकणं ही फसवणूक आहे, असं लिहिलं, आणि पुरावा म्हणून काकांच्या चाकाचं माप दिलं, काकांच्या उल्लेखासह. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही मी त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही, आणि हेच माझं दुखणं आहे.

आयोजकांनी पुढच्या वर्षीसाठी सवलतीचं कूपन पाठवलं. क्लबची मंडळी दोन दिवस आपापल्या घड्याळांची बाजू घेऊन भांडली, तिसऱ्या दिवशी कूपनाची मुदत विचारू लागली. माझ्या क्रांतीचं एवढंच झालं. साहेबांनी ग्रुपवर 'ठीक आहे' अशा अर्थाचा एकच कन्नड शब्द लिहिला. "सरी." मग त्यांनी काकांना फोन केला. काका तेव्हा आमच्याच घरी, बाबांच्या शेजारी बसले होते, आणि फोन जुना असल्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला धावतानाच कळलं होतं ना, फिटर?" काकांनी टर्नर म्हटलं नाही. मग पलीकडून आवाज आला, "म्हणजे तुम्ही मला जिंकू दिलंत." आणि फोन बंद झाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताडकन म्हणाले की खरं होतं ते लिहिलं, लपवायचं होतं का? काका उठले, चपला घातल्या, आणि दारातून म्हणाले, "पोरी, माप माझं होतं. सांगायचं की नाही, तेही माझंच होतं."

त्या दिवसापासून चाक त्यांच्या जिन्याखाली पडून राहिलं. काका रविवारी धावत, आणि कमान आली की सगळ्यांसारखे थांबत. साहेबांचं ऑपरेशन झालं, काका भेटायला गेले तर झोपलेत म्हणून निरोप मिळाला. दोनदा गेले, दोनदा झोपलेत. क्लबात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मला रोज वाटायचं जाऊन दोघांचे पाय धरावेत, आणि रोज वाटायचं, कशासाठी? खरं बोलल्याबद्दल? असा राग कुणावर काढायचा हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

चार महिन्यांनी काकांचा फोन आला. फडकं घेऊन ये, जयनगरला. एवढंच. साहेबांच्या फाटकापाशी काकांनी खडूने एक रेघ मारली होती आणि चाक ढकलत ते कोपऱ्यावरच्या दर्शिनीच्या दिशेने गेले होते. दुसरी रेघ तिच्या पायरीच्या थोडी अलीकडे पडली. तीनशे दहा. साहेब फाटकात काठी घेऊन उभे होते. कसे तयार झाले, काका काय बोलले, मला कुणी सांगितलं नाही. काकांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. काटे एकोणसाठ अडतीसवर आणून ठेवले होते. "शर्यत संपलेली नाही, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. मी तेरा सेकंद मागे होतो."

साहेबांनी काठी माझ्या हातात दिली. "या वेळी दया दाखवलीत तर परत फाटक उघडणार नाही," ते हळूच म्हणाले आणि निघाले. काका रेघेवर उभे, नजर काट्यावर. तेरा सेकंद झाले आणि तेही निघाले. मी रस्त्याच्या मधोमध फडकं धरून रिक्षा अडवल्या. एका रिक्षावाल्याला वाटलं मंत्री येतोय. नव्या गुडघ्याने साहेब जमेल तेवढं रेटत होते, कपाळावर घाम, आणि काका मागून खरोखरच्या वेगाने, जराही सूट न देता चालत आले. औषधांच्या दुकानापाशी त्यांनी साहेबांना गाठलं, बाजूने जाताना कोपर मारलं, आणि पुढे गेले. रेघेवर पोचून घड्याळ धरून उभे राहिले. साहेब आले तेव्हा काटा तासाच्या पुष्कळ पलीकडे होता. काकांनी वही काढली आणि आकडा त्यांच्यासमोर लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "स्वल्प जास्तच लागला, फिटर," ते म्हणाले.

"टर्नर," काका म्हणाले.

दर्शिनीत साहेबांनी ओतली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून टेबलावर हनुवटी टेकवून त्यांनी पातळी पाहिली. काकांनी दोन्ही पेले डोळ्यांसमोर आणले, उजेडाकडे धरले, आणि त्यातला जो केसभर जास्त भरला होता तो न लाजता उचलला. साहेब हसले. मी काउंटरवर जाऊन माझी वेगळी कॉफी घेतली आणि काखेत काठी, हातात लाल फडकं धरून पलीकडच्या टेबलापाशी उभी राहिले. निघताना काकांनी साहेबांसाठी काठी मागून घेतली. फडकं घडी करून माझ्याकडेच राहू दिलं. ते अजून माझ्या पिशवीत आहे; पहाटे फोन वाजला की आधी हात तिकडे जातो.