पहिल्या काठीचा मान

पळून जाताना पकडलेल्या कैद्याला बराकीसमोर पालथं पाडलं होतं, दोघांनी त्याचे हात धरून ठेवले होते आणि पहिली काठी मारायचा मान माझ्या नवऱ्याला दिला होता. एकाहत्तरची लढाई संपून महिना उलटला होता. कैदी शत्रूच्या फौजेतला, शरण आलेला. माझा नवरा त्या छावणीवर पहाऱ्याला. आणि त्याच लढाईत माझा एकुलता एक भाऊ रामदास गेला होता, हे पहाऱ्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. "किसन, तुझा साळा मारला यांनी. पहिला दणका तुझा," असं म्हणून त्यांनी काठी हातात दिली. किसनच्या खिशात माझं पत्र होतं, सकाळीच पोचलेलं. त्या पत्रात मीही तेच मागितलं होतं.

पत्र लिहिलं होतं ही गोष्ट मी कधी विसरले नाही. पण ते वाचलं त्याच दिवशी त्यांच्या हातात काठी आली होती, हे मला आत्ता कळलं, ते गेल्यावर. किसनला जाऊन दीड महिना झाला. मी नाव घेते. आयुष्यभर ज्या माणसाने नावाला एवढी किंमत दिली, त्याचं नाव लपवून कसं चालेल? धामणगाव बढ्याजवळ आमचं गाव. तिथल्या आमच्या अंगणात त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी देऊळगाव राजाहून त्यांचे पलटणीतले सोबती आले होते, विठोबा काकडे. ऐंशी पार झालेला माणूस, दोन एसट्या बदलून आला. पंगत उठली तेव्हा म्हणाले, "वैनी, एक गोष्ट पोटात ठेवून हाय मी. त्यानं शपथ घातली व्हती. आता तो न्हाई, तर शपथ बी सुटली." आणि सगळ्यांसमोर सांगायला लागले.

मी चौथी शिकलेली. रामदास गेल्याची तार आली तेव्हा आईने अन्न सोडलं आणि मी पोस्टकार्ड घेतलं. कोणाकडून लिहून घेतलं नाही, स्वतः लिहिलं. "माझा एकच भाऊ होता. तुमच्या ताब्यात इतके आहेत. एकाचा तरी हात मोडा." एवढंच. उत्तर आलं ते त्याहून लहान. "पत्र मिळाले. जमणार नाही." पुढे खुशाली, बस्स. सुट्टीवर आले तेव्हा मी ताट वाढून पाठ फिरवून बसले. ते म्हणाले, "रामदास बंदूक हातात असताना गेला. हे लोक हात वर करून आले. मंग त्याइले कसं मारू?" मी म्हटलं, "तुमचा भाऊ असता तं मारलं असतं." ते भाकरी मोडत राहिले... त्या वेळी काठीचं सांगितलं असतं तर? पण मग माझ्या पत्राने त्यांना किती अवघड केलं होतं, तेही सांगावं लागलं असतं. ते त्यांना नको होतं.

छावणीत एक नियम होता. परक्या देशाचे कैदी कसे वागवायचे याचा करार सगळ्या देशांनी मिळून केलेला आहे, आणि तो कैद्यांच्या भाषेत लिहून त्यांना दिसेल असा लावावा लागतो. तसा उर्दू कागद बराकीत लावला होता. पहारेकऱ्यांना काही तो वाचता येत नव्हता. किसनला ते खटकलं. म्हणाले, "मी ज्याइच्यावर पहारा करतो, त्याइले माहीत अन् मले माहीत नाही?" कैद्यांत एक शाळामास्तर होता. त्याच्याकडून रोज एक कलम वाचून घ्यायचे आणि अक्षरंही शिकायचे. कैद्यांचे हक्क पहारेकऱ्याने कैद्याकडूनच शिकावेत, असा हा माणूस! पुढे मलकापूरच्या बाजारात उर्दू पाट्या वाचून दाखवायचे तेव्हा लोक बघत राहायचे. एका बौद्ध शेतमजुराचा पोरगा. मला तेव्हाही छाती फुगल्यासारखं व्हायचं, पण मी तसं दाखवलं नाही.

दुसरी त्यांची स्वतःची रीत होती. संध्याकाळी कैद्यांची गिनती व्हायची. बाकीचे पहारेकरी डोकी मोजायचे किंवा नंबर पुकारायचे. हे नाव घ्यायचे. नाव, बापाचं नाव, मग समोरच्याने "हाजिर" म्हणायचं. वेळ लागायचा, म्हणून सोबती शिव्या द्यायचे. मी एकदा विचारलं होतं, "काऊन करत होते एवढा कुटाणा?" तेव्हा म्हणाले, "गावात माह्या बापाले कोणी नावानं हाक मारली नाही. 'अबे ए', एवढंच. ज्याचं नाव माहीत नाही त्याले मारणं लई सोपं असते."

तर त्या संध्याकाळी काठी हातात आली. साहेब छावणीत नव्हते. काकडे म्हणाले, "वैनी, मी बी म्हनलो व्हतो, मार. खोटं कशाला बोलू?" किसनने काठी घेतली. सगळ्यांना वाटलं, आता पडते. त्यांनी काठी बगलेत धरली, यादी काढली आणि गिनती सुरू केली. पहिल्या नावापासून. बराकीतून एकेक आवाज येत गेला, हाजिर, हाजिर... आणि मग जमिनीवर पडलेल्याचं नाव आलं. नजीर. बापाचं नावही घेतलं. तोंडात माती गेलेली, आवाज निघेना. किसन थांबले, पुन्हा नाव घेतलं. तेव्हा तो खालूनच म्हणाला, "हाजिर."

"हाजिर हाये," किसन म्हणाले. "माह्या गिनतीत आला. आता उद्या सकाळी मले तो असाच्या असा मोजून द्याचा हाये. पळाला त्याची सजा साहेब देतील, कोठडी देतील. कागदात तेवढंच लिवलेलं हाये. हात सोडा त्याचे."

"अन् तुह्या साळ्याचं काय बे?" कोणीतरी ओरडलं.

"तो माह्या गिनतीत नव्हता," किसन म्हणाले. "असता तं त्यालेबी राखलं असतं."

हात सोडले. लगेच नाही, पण सोडले. तिथून बदली होईपर्यंत पलटणीत त्यांना 'कैद्याइचा जावई' म्हणायचे. काकड्यांनी हे सांगितलं तेव्हा अंगणातले लोक हसले, मीही हसले. मग काकडे म्हणाले, "वैनी, पत्र त्यानं मला रातच्याला दाखवलं. आन् म्हनला, तिला कधी सांगू नको." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो, मीच लिहिलं होतं. हात मोडा म्हणून." लपवायचं कशाला? मी चुकले होते आणि तो माणूस चुकला नव्हता. एवढ्या उशिरा कळलं तरी मला त्याची लाज कमी आणि अभिमान जास्त वाटला.

फौजेतून घरी आल्यावरही किसनची ती सवय गेली नाही. दिवेलागणीला दारात उभे राहून घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायचे, लेक, सून, नातवंडं, शेवटी म्हैस. पोरं अंगणातून "हाजिर" ओरडायची. मी चिडायचे, "मी काय कैदी हावो?" तर म्हणायचे, "कैद्याले तक्रार कराचा हक्क असते. तुले नाई. अन् मले हाये, वरण पातळ झालं." शेवटच्या दिवशीही सगळ्यांची नावं घेतली, खाटेवर बसले आणि गेले. आता ती नावं मी घेते. त्यांचं नाव सुरुवातीला घेते, उत्तराची वाट पाहत नाही, पुढे जाते.

कैद्यांना परत पाठवायचा दिवस आला तेव्हा रेल्वेच्या डब्यासमोर किसनने शेवटची गिनती केली, तीही नावानेच. काकडे शेजारी उभे होते. त्या बराकीत जेवढे आले होते तेवढ्यांनी "हाजिर" म्हटलं. माझा भाऊ रामदास परत आला नाही. नजीर त्याच्या घरी गेला, जिवंत, दोन्ही हात धड.