शरयूताईंच्या नावाची घागर

शरयूताईंची आणि माझी पहिली गाठ पोशीरला गावविहिरीच्या काठावर पडली, तीही भांडणात. विहीर चैत्रातच तळ गाठायची, म्हणून तिच्या शेजारी बोअर मारायचं गावानं ठरवलं होतं. भूजल खात्यातून जागा पाहायला आलेल्या ताई म्हणाल्या, "इथे नको."

"बाय, पानी हाय का नाय तेवढं सांगा, शाळा नको!" माझे चुलते उसळले.

"आहे. पण बोअर आणि विहीर एकाच माठातून पितील. आधी माठ भरायचं बघू या."

चुलते पाय आपटत निघून गेले. मी नवखी शिक्षिका. तिथेच थांबले, ती कायमची ताईंची झाले.

आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि कातळावरून तसाच वाहून जातो. ताईंनी ओढ्यावर दगडी बांध घालायला लावून ते पाणी जमिनीत जिरवलं. सुटीच्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन येत आणि आमच्याबरोबर दगड रचत. निवृत्तीनंतरही त्यांचं येणं थांबलं नाही. हळूहळू विहीर वैशाखातही पाणी देऊ लागली. पुढे शिवारात फार्महाऊसं आली, तेव्हा विहिरीलगत बोअर नको म्हणून सगळ्यांत मोठ्यानं भांडले ते माझे चुलतेच!

माझी आई खोपोलीच्या दवाखान्यात होती, तेव्हा ताई तिच्यासाठी रोज या विहिरीचं पाणी नेत. तिला दुसरं गोड लागत नसे. हे मी कसं विसरू?

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि ताई पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या. विहिरीवर गेलं की माझी मान अजून रस्त्याकडे वळते. फार आठवण येते.

यंदा अक्षय्य तृतीयेला चुलत्यांच्या घरी काकींनी पितरांच्या घागरींशेजारी एक घागर ताईंच्या नावानं मांडली. मी किंचाळलेच, "अगं काकी, ही गेलेल्या माणसांची ओळ!"

"मला काय ठावं नाय? पन आठवन येते गं त्यांची. मंग कुटं मांडू?"

घाबरत ताईंना फोन केला. त्या खळखळून हसल्या. "काकींना सांग, मी अजून हाय!" मग त्यांनी विचारलं, "विहिरीला पाणी आहे ना गं?"

आहे, ताई. यंदा आपण पंचाहत्तरी गाठलीत; पुढचीही पुष्कळ वर्षं आपल्याला धडधाकट लाभोत. काकींनी ती घागर पितरांच्या ओळीतून उचलून ओसरीवर ठेवली आहे. रोज विसळून ताजी भरतात, आणि कुणाला हात लावू देत नाहीत. आपण प्यायला या.