गुलाबाच्या वासाची कोकरं

“बोला ताई, कान हायेत की तुमच्याकडं,” ती म्हणायची. डोळे मात्र कोकरांवर. मी अकरा वर्षांची, मस्कतहून आलेली, पांढरे मोजे घालून ढेकळांतून चालणारी. अख्ख्या तलवाड्यात माझ्याकडे न पाहणारी ती एकटीच. फार राग यायचा.

वडील मस्कतला नोकरीला. दर उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या गावी, तलवाड्याला यायचो. तेव्हा आजोबांच्या रिकाम्या रानात एक धनगर जोडपं मेंढ्या बसवायचं. रानाला खत, त्यांना ज्वारी. नवरा मेंढ्या चारायला लांब न्यायचा. नुकती जन्मलेली कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकून ती राखणीला थांबायची. तिचं नाव सांगत नाही, असं ऐटीत लिहिणार होते. खरं म्हणजे ते मी कधी विचारलंच नाही.

मी तिला विमान, समुद्र, लिफ्ट सगळं सांगायची.

“आन् गवत?”

“तिथे गवत नसतं.”

“मंग कशापायी गेले बाबा तुमचे?”

एका दुपारी ती गावात दळण आणायला निघाली. “ध्यान ठिवा ताई. पन हात लावू नका.”

ध्यान ठेवलं, म्हणूनच कोकरं मळकी दिसली! साठी ओलांडल्यावर आज त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. हौदावर माझा मस्कतचा गुलाबाच्या वासाचा साबण होता. तीन कोकरं घासून पांढरीशुभ्र केली आणि बक्षीस घ्यायला उभं राहावं तशी उभी राहिले.

ती आली. पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“आता आया घेनार न्हाईत गं ह्यांना!”

मेंढी आपलं पोर वासावर ओळखते. तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं. संध्याकाळी कळप आला. तिन्ही मेंढ्यांनी आपापलं कोकरू हुंगलं आणि ढुशी मारली. ती एकेका मेंढीचा पाय गुडघ्यात दाबून कोकरू सडाला लावत राहिली. मेंढीचंच दूध पिळून तिने कोकराच्या अंगाला चोळलं. दुसऱ्या दिवशी दोघी वळल्या, पिऊ देऊ लागल्या. तिसरी वळेना. तिचं कोकरू धनगरीण बोटाने दूध पाजून जगवत होती. चौथ्या दिवशी ते मेलं.

आजोबा रानात आले. “कशानं मेलं रे?”

नवरा तिच्यावर ओरडला, “तीन कोकरं राखता येईनात तुला? झोपा काढायलीस?”

ती खाली पाहत म्हणाली, “डोळा लागला.”

मी मोजे वर ओढत उभी होते. एवढंच केलं.

पुढच्या उन्हाळ्यात खरं सांगून टाकायचं ठरवूनच आले. विमानात भाषणसुद्धा पाठ केलं होतं. रानात मेंढ्या होत्या, डालगं होतं. नवरा एकटाच जाळी सांधत बसला होता.

“पावसाळ्यात गेली,” तो म्हणाला. “ताप डोक्यात चढला.”

तिच्यासाठीचं भाषण मी त्याला ऐकवलं. निम्मं विसरले. त्याचा हात थांबला नाही.

“म्हाईत हाय. मेल्यावर बी वास येत व्हता कोकराला.”

“मग तिला का बोललात?”

“मालक हुबे व्हते, ताई. दुसऱ्या कुनाला बोलता येत व्हतं?”