रुमालाखालचा हात

पियानो शिकवणाऱ्या कंपनीने आमच्या मास्तरांना फसवलं. चुकून नाही, गैरसमजातून नाही, ठरवून फसवलं. मी बैलबाजारात दलाली करत वर आलेला माणूस, आज जळगावात केळीचा व्यापार करतो. फसवणूक मला वासावरून कळते.

मास्तरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ओळखायचो ते त्यांचे हात. ते धुळ्यात, मी जळगावच्या पिंप्राळ्यात. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की टेबलावरचा माझा कीबोर्ड काळाभोर पियानो होऊन दिसायचा आणि माझ्या हातांशेजारी मास्तरांचे हात उतरायचे. बाकी मास्तर म्हणजे कंपनीने काढलेलं चित्र. वर कोट, कमरेखाली काहीच नाही. ते हसायचे, "कोट दिला भाऊ, पाय दिले नाहीत. चपलांचा खर्च वाचला."

एका मोठ्या हॉटेलात मी पियानोला बोट लावलं तेव्हा मॅनेजर मला हटकायला धावत आला होता. त्या रागात मी शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी मास्तरांना हे सांगितलं; माझ्या वाजवण्यातही तो राग त्यांना ऐकू आला असावा. "भाऊ, हाई बोट शे का मुसळ?" अहिराणीत म्हणाले. "हॉटेलवाल्याला हॉटेलात जाऊन हाणा. पट्ट्यांनी काय केलं?"

हळू वाजवणं मला जमेचना. एकदा चिडून मी त्यांना बैलबाजारातली रीत सांगितली. तिथे भाव ओरडत नाहीत. दोघे रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून सौदा करतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मास्तर म्हणाले, "हेच तर मी सांगतोय! डावा हात रुमालाखाली घ्या." तेव्हापासून हळू वाजवायची जागा आली की ते उजवा तळवा डाव्या हातावरून अलगद फिरवायचे, कापड पांघरावं तसा. मला तेवढी खूण पुरायची.

मग एक दिवस चष्म्यात मास्तरांच्या जागी कंपनीचा 'कधीही न थकणारा' यंत्रशिक्षक आला. कोट तोच. मी रागाने पट्ट्या बडवल्या. त्या हातांनी थांबून डाव्यावरून उजवा तळवा फिरवला.

"मास्तर!" मी ओरडलो.

"पुन्हा प्रयत्न करा," कोरा आवाज म्हणाला.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ती आमच्या सिस्टिमची शैली आहे."

"बाई, तो रुमाल माझा आहे आणि हात मास्तरांचे!"

"हातांच्या हालचाली वापरायला त्यांनी संमती दिली आहे, सर."

तडक धुळ्याला गेलो. मास्तर हार्मोनियमच्या दुरुस्तीला बसले होते. माझ्या अंदाजापेक्षा बुटके, पांढऱ्या दाढीचे. आवाजावरून ओळखलं त्यांनी मला. संमतीचं विचारलं तर म्हणाले, "चष्म्यात 'मान्य' दाबल्याशिवाय पियानोच दिसत नव्हता, भाऊ. रोज दाबायचो. चेहरा कुठे मागितला त्यांनी? हातच घेतले."

"वाजवता का आता?"

"बसलो होतो. माझीच नक्कल करतोय असं वाटलं. उठलो."

मी खिशातून रुमाल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. ज्या हातांनी मला शिकवलं, ते पहिल्यांदाच हाताला लागले. बोटं गार होती. मी दाबली, त्यांनी उलट दाबली नाहीत.

कंपनीवाल्यांनो, रुमालाखाली दोन हात असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याला कळतं काय ठरलं. नाही पटलं तर तो हात काढून घेतो. मास्तर रोज 'मान्य' दाबत होते तेव्हा तुमचा हात कुठे होता? उत्तर द्या. मला नको, धुळ्याला जाऊन त्यांना द्या, चेहरा दाखवून.